हळदीवर आलेला आळ

"क्लेम रिजेक्ट," कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला आणि त्यानं कापसाचा बोळा माझ्या नाकाखाली धरला. बोळा पिवळा झाला होता. "हळद! रायफलमध्ये हळद! हा सरळ सरळ मिसयूज आहे."

समोर बाकावर तीर्थपुरीचे शेषराव अण्णा आणि त्यांच्या पत्नी कौसाबाई बसले होते. दोघांची तोंडं उतरली. मला मात्र हसू आलं, आणि ते इंजिनिअरला आवडलं नाही.

मी पोलीस शस्त्रागारात एकतीस वर्षं आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा डॉक्टर. फरक एवढाच, की आमचा पेशंट खोटं बोलत नाही, त्याचे नातेवाईक बोलतात. रिटायर झाल्यापासून जालन्यात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे दुरुस्तीला बसतो. सगळे मला शेखचाचा म्हणतात.

अण्णांची नवी रायफल लिव्हर-अ‍ॅक्शन होती. ट्रिगरभोवती बोटं घालायची कडी असते, ती लिव्हर. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत जातं. त्याच हालचालीत हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, मागं जाते आणि तिच्याच अंगावरच्या खाचेत ट्रिगरचं टोक अडकतं. ट्रिगर दाबेपर्यंत ती तिथंच थांबायला हवी. सगळी भिस्त त्या खाचेवर.

अण्णांच्या रायफलीत ती थांबली नाही. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी उसात रानडुकरं घुसली. अण्णांकडे परवाना होता, वनखात्याची परवानगीही होती. त्यांनी कडी वर घेतली. बोट ट्रिगरवर नव्हतं, तरी गोळी सुटली आणि पाण्याच्या टाकीला भोक पडलं. टाकीपाशी कौसाबाई उभ्या होत्या. भोक त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब होतं.

अण्णा सरळमार्गी माणूस. स्वतःच ठाण्यात जाऊन सगळं सांगून आले. रायफल आमच्या दुकानात जमा झाली आणि ठाण्यानं माझा लेखी अभिप्राय मागवला. दोष रायफलचा असेल तर अण्णा मोकळे. हाताळणाऱ्याचा असेल तर परवाना रद्द आणि वर निष्काळजीपणाची केस. कंपनीला कोणता दोष हवा होता, हे सांगायला नको.

ही कंपनी एके काळी खरंच चांगली होती. म्हातारा मालक स्वतः कारागीर. त्याच्या रायफलीचं लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तसं चालायचं. तीन वर्षांपूर्वी त्यानं कारखाना विकला. नवे मालक पंखे आणि मिक्सर बनवतात. तेही चांगलंच काम आहे, पण मिक्सर बिघडला तर फार तर चटणी राहते. नव्या मालकांनी सगळ्यात आधी सुधारला तो बॉक्स. आत मखमल, सोबत चार रंगांतलं मॅन्युअल. रायफलीचे स्क्रू मात्र पहिल्यांदा खोलतानाच फिरून गेले. शिक्का जुनाच ठेवला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"दसऱ्याला पूजा केली होती ना?" इंजिनिअरनं वकिली सुरू केली.

"केली की," अण्णा म्हणाले. "शस्त्र म्हणल्यावर पूजा न्हाई करायची व्हय? हळदकुंकू लावलं, झेंडू वाह्यला, मंग तेलाच्या फडक्यानं बराबर पुसून ठिवली."

"मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. बाहेरची पावडर अलाउड नाही."

"बाहेरची न्हाई वो साहेब," कौसाबाई म्हणाल्या, "घरचीच हळद हाय."

शेठनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, मला मागच्या खोलीत बोलावलं. "चाचा, मिटवून टाका. आपली डीलरशिप आहे. हाताळणीतला दोष, एवढं लिहिलं की झालं."

"लिहितो. मग कौसाबाईंना तुम्हीच सांगा, यापुढं जरा सरकून उभं राहत जा."

मला रागच आला होता. एकतीस वर्षं दर दसऱ्याला पोलिसांच्या रायफलींना हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडेच होतं. एकही कधी आपणहून उडाली नाही. हळदीवर आळ घेणारा हा पहिलाच शहाणा भेटला.

शहागडच्या एका वकिलांची याच मॉडेलची रायफल सर्व्हिसिंगला आली होती. म्हाताऱ्या मालकाच्या काळातली, सात दसरे पाहिलेली. उघडली तर फटीफटीत हळदकुंकू. रिकामी आहे याची दोनदा खात्री केली आणि कडी तीस वेळा खाली-वर केली. हॅमर जागचा हलला नाही.

मग शेल्फवरचा नवा सीलबंद बॉक्स काढला. सील इंजिनिअरलाच फोडायला लावलं. हळदीचा कणही नाही, हे त्यानंच मान्य केलं. ही रायफलही दोनदा तपासली. नवव्या खेपेला कडी वर आली आणि ठक! हॅमर आपोआप पडला.

"परत करा," इंजिनिअर म्हणाला.

परत केलं. या वेळी पाचव्यालाच ठक.

दोन्ही हॅमरच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मी कानस लावली. जुन्यावरून ती घसरली. तो ठोकून घडवलेला, तापवून पाणी दिलेला. नव्यात कानस सहज रुतली, लगेच भुगा पडला. तो नुसता साच्यात ओतलेला. अशी मऊ खाच चार दिवसांत झिजते. सळईच्या कारखान्यांच्या या गावात भंगारवाल्यालाही एवढं कळतं.

"एखादा पीस खराब असू शकतो," इंजिनिअर म्हणाला. "पण यांची केस हळदीचीच आहे."

तेव्हा कौसाबाई उठल्या. "साहेब, ही बिनहळदीची हाय न्हवं? मंग मी हुबी होते तसं हिच्या म्होरं हुबं ऱ्हा. चाचा कडी लावतेत."

रिकाम्या बंदुकीसमोरही कुणी उभं राहायचं नाही, हा आमचा पहिला धडा. तो सांगायला मी तोंड उघडणार, तोच इंजिनिअर खुर्चीसकट बाजूला सरकला.

"रिकामी आहे ना?" शेठनी विचारलं.

"रिकामीच आहे," तो म्हणाला. पण खुर्ची काही परत आणली नाही.

मी अण्णांच्या रायफलीच्या हॅमरलाही कानस लावून पाहिली, तोही तसाच मऊ. मग तिथल्या तिथं अभिप्राय लिहिला: खाच मऊ, रायफल वापरण्यास धोकादायक, हाताळणीत दोष नाही. अण्णांचा परवाना वाचला. शेठची डीलरशिप गेली आणि ते दोन महिने माझ्याशी मोजकंच बोलले. कंपनीनं अण्णांना मोठ्या मनानं नवी रायफल देऊ केली, त्याच मॉडेलची. अण्णा म्हणाले, "बिलकुल नको. डुकरं परवडली."

कंपनीनं सुधारणा केली, नाही असं नाही. मॅन्युअलच्या नव्या आवृत्तीत 'पूजेचे साहित्य लावू नये' हे वाक्य ठळक छापलं. हॅमर तोच आहे.

आता कुणी विचारलं, चाचा, नवी वस्तू घेताना काय बघावं, तर मी सांगतो: गॅरंटी कार्ड घरी जाऊन वाचा. दुकानात असेपर्यंत विकणारा तिच्या कोणत्या बाजूला उभा आहे, ते बघा.