एजंट क्षमस्व

घरं शोधून देणाऱ्या ॲपनं माझ्याकडं पाठवलेलं पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक म्हणजे माझी बायको. मित्रांना हे सांगतो तेव्हा ते पोट धरून हसतात, मीही हसतो. पण ज्या दुपारी तो फोन आला त्या दुपारी मला हसू आलं नव्हतं, घाम फुटला होता.

मी कोल्हापुरात घरं आणि प्लॉट विकून देणारा एजंट. आमच्या कामाला पूर्वी दलाली म्हणत, आता माझ्या कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असं छापलंय. काम तेच, कागद जरा जाड. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. तिथं बसून मी अर्ध्या गावाला घरं दिली असं मी सांगत असतो. अर्धं गाव हे जरा जास्त होतंय हे मलाही कळतं, पण एजंटानं सांगितलेला आकडा भिंती-जिना धरून, बिल्टअप समजायचा, कार्पेट नाही.

पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते आधी चहाला यायचं. “पावणं, कुठलं?” इथून सुरुवात. मग पेठ वडगावचा कुणीतरी मामा निघायचा, त्याचा साडू माझ्या भावकीत निघायचा, आणि एवढं सगळं निघाल्यावर शेवटी घराचा विषय निघायचा. कुठलं घर विकायचंय हे मला माहीत आणि त्याला माहीत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझा संसार चालला आणि पोट सुटलं. त्याला मी अनुभव म्हणायचो.

मग लोकांच्या हातात ॲप आलं. शिरोली एमआयडीसीत नोकरी करणारा एक इंजिनिअर माझ्या ऑफिसात आला, तो उभ्याउभ्याच म्हणाला, “काका, तो कळंब्याचा फ्लॅट बघितलाय मी फोटोत. बाथरूमची फरशी बदललीया काय?” त्या घरात बाथरूमला फरशी आहे हेच मला त्याच्याकडून कळलं. मी म्हणालो, “व्हय, चांगली कंपनीची टाकलीया.” त्यानं खिशातून फोन काढून मला जुन्या फरशीचा फोटो दाखवला.

‘एजंट क्षमस्व’ हे दोन शब्द मी आयुष्यभर पेपरातल्या छोट्या जाहिरातीत वाचत आलो होतो. ते वाचून आम्ही एजंटच सगळ्यात आधी फोन करायचो. पेपरातली क्षमा कुणी मनावर घेत नाही. ॲपमध्ये मात्र त्याचं बटण झालं. ‘थेट मालकाकडून’ असं काहीतरी लिहिलेलं ते बटण दाबलं की आम्ही सगळे एका झटक्यात गावातून नाहीसे. मग आम्ही काय केलं? सगळे मालक झालो. मी त्यासाठी वेगळा फोन घेतला, नवं सिम घेतलं आणि ॲपवर मालक म्हणून नाव घातलं.

मालक होणं वाटतं तितकं सोपं नसतं. एजंट बोलतो घाईत आणि गोड. मालक बोलतो थकल्यासारखा, घर विकलं काय नाही विकलं काय अशा सुरात. हा सूर मी आरशासमोर उभा राहून बसवला. फोटो काढायलाही शिकलो. स्टुलावर उभं राहून कोपऱ्यातून फोटो काढला की हॉल ऐसपैस दिसतो. शेजारच्या बंगल्यातलं एकच आंब्याचं झाड मी चार बाजूंनी घेतलं आणि खाली लिहिलं, ‘हिरवागार परिसर’. ‘रंकाळ्यापासून पाच मिनिटं’ असंही लिहिलं. पहाटे मोटरसायकलवरून, वारं पाठीमागून असलं तर पाच मिनिटं.

फोन येऊ लागले, पण सगळे एजंटांचे. आम्ही मालक बनलो होतो तसे ते गिऱ्हाईक बनले होते. एकदा एका गिऱ्हाईकाशी मी बराच वेळ बोललो. मी थकलेला मालक, तो बँकेत नोकरी करणारा सज्जन माणूस. मधेच तो खोकला आणि मी ओळखलं. हा तर रोज सकाळी माझ्याबरोबर चहा पिणारा, शेजारच्या गल्लीतला एजंट. त्यानंही मला ओळखलं असणार, पण दोघंही सभ्य असल्यामुळं कुणीच ओळख दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी चहाला बशी तोंडाला लावत तो म्हणाला, “काल एक मालक गावला बघ फोनवर. लई खोटारडा.” मी म्हणालो, “हल्ली माणसंच तसली झाल्यात.”

अशा दिवसांत तो फोन आला. नंबर अनोळखी होता. बायकोचा नंबर मला पाठ नाही. जुन्या फोनमध्ये तो ‘घर’ या नावानं सेव्ह आहे, आणि नव्या फोनमध्ये मी कुणालाच सेव्ह केलं नव्हतं. मालकाला कुणाची गरज नसते.

“नमस्कार, मालक बोलतोय,” मी थकून म्हणालो.

पलीकडून वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात प्रश्न आला, “फ्लॅट कुणाचा हाय म्हणालासा?”

माझी बायको हायस्कूलमध्ये शिकवते. तो आवाज ऐकला की अजूनही मी सरळ बसतो. फोन कट करावा असं वाटलं, पण संध्याकाळी घरी जायचंच होतं.

“अगं, मीच...”

“ते कळलं. लिफ्ट हाय का?”

“हाय.”

“चालू हाय का?”

“हाय की.”

“मग उद्या शाळा सुटली की बघायला येते. आणि मालकांना सांगा, मधी एजंट नको.”

आता लिफ्टचं सांगायला हवं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. लग्न झालं तेव्हा ‘दोन वर्षांपुरतं’ म्हणून मी तो फ्लॅट घेतला. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. मधल्या काळात बायकोचे गुडघे गेले. पेपरांचा गठ्ठा एका हातात, भाजीची पिशवी दुसऱ्या हातात, अशी ती जिना चढते आणि दुसऱ्या मजल्यावर थांबते. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून तिथल्या वहिनींशी गप्पा मारते. त्या वहिनींना वाटतं, बाईंना बोलायची फार हौस आहे. घर बदलूया असं ती दर वर्षी म्हणायची आणि “चांगलं आलं की बघू,” असं मी दर वर्षी म्हणायचो. चांगली घरं यायची, येत नव्हती असं नाही. पण आपणच राहायला गेलो तर दलाली कुणाकडून घ्यायची? तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक यायचं आणि घर जायचं. त्या गिऱ्हाईकाला मी सांगायचो, “साहेब, उतारवयाचा विचार करा, लिफ्टशिवाय घर घेऊ नका.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या संध्याकाळी मी आधी चिडलो, खरं तेच सांगतो. माझ्या बायकोनं एजंट नको म्हणणारं ते बटण दाबावं म्हणजे काय! जेवताना म्हणालो, “मला सांगायचं होतंस की.”

“तुम्हाला सांगितलंच की इतकी वर्षं,” ती म्हणाली. “म्हणून तर ॲपला सांगितलं.”

मग मात्र मला वाईट वाटलं. पानातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट रंकाळ्याच्या पलीकडं त्या फ्लॅटवर आली. मी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “ताई, हवा बघा कशी खेळती!”

“ताई कुणाला म्हणालाईसा?”

तिनं नळ सोडून बघितला. पाणी दिवसाआड येतं का रोज, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, दुपारचं ऊन कुठल्या खोलीत, वरच्यांचा मिक्सर ऐकू येतो का, आंब्याचं झाड कुणाचं. मी उत्तरं देत होतो आणि प्रत्येक उत्तराआधी ती माझ्या तोंडाकडं बघत होती. ही सगळी वाक्यं मी घरी अंघोळ करताना म्हणून बघतो, त्यामुळं तिला ती माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत. शेवटी कोपऱ्यातलं स्टूल तिला दिसलं. गुडघा सांभाळत ती त्यावर चढली, हॉलवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “हितनं काढलासा व्हय फोटो.”

उत्तर काय येणार ते मला आधीच कळलं होतं. धंद्यात माझा एक ठोकताळा आहे आणि तो आजवर चुकलेला नाही. घर पसंत नसलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारत राहतं. पसंत पडलं की प्रश्न थांबतात, आणि ते आपलं सामान लावायला सुरुवात करतं. टीव्ही इथं, देव्हारा तिथं. सामान लावू लागलं की मी खिशातलं पेन काढतो. त्या दिवशी प्रश्न संपेनात.

“दुसरं दाखवा,” ती म्हणाली आणि रिक्षा बघायला निघून गेली.

मी इरेला पेटलो. ॲपवर आता गिऱ्हाईक म्हणून नाव घातलं, बायकोला पाहिजे तसं घर हवंय असं टाकलं आणि फोन करत सुटलो. प्रत्येक ठिकाणी एक थकलेला मालक भेटला. फोटोतल्या घराचा पत्ता विचारला की तो म्हणायचा, “ते कालच गेलं हो. पण त्याच्यासारखंच दुसरं हाय.” हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. वाटणारच, मीच ते गावात रुळवलं होतं. एका मालकानं तर मला इचलकरंजी रोडला नेऊन जे घर दाखवलं ते मीच एकदा दोघांना दाखवलेलं होतं. मी त्याला काही बोललो नाही. त्याचीही दिवाळी तोंडावर होती.

मग एका शनिवारी बायको म्हणाली, “उद्या एक घर बघायला जायाचंय. मालक स्वतः दाखवणार हायत. तुम्हीबी या, पण कार्ड काढायचं न्हाय आणि कार्पेट-बिल्टअप बोलायचं न्हाय.”

“मग मी काय म्हणून येऊ?”

“नवरा म्हणून या. जमतंय का बघा.”

तिनं मला ॲपवर ते घर दाखवलं. माझ्याही नजरेखालून ते गेलं होतं आणि मी पुढं सरकवलं होतं. काय ते फोटो! एकात हॉलमध्ये वाळत घातलेली धोतरं, एक हललेला, आणि एका फोटोत निम्म्या स्वयंपाकघरावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा. मी म्हणालो, “असले फोटो टाकणाऱ्याचं घर कोण बघायला जाईल?”

“मी,” ती म्हणाली. “अंगठा दिसतोय म्हंजे माणूस खरा हाय.”

घर पहिल्या मजल्यावर होतं, लिफ्ट चालू होती. मालक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, बायकोला घेऊन पुण्याला मुलाकडं निघालेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मोठ्या खुशीत म्हणाले, “पावणं, एजंटाला लांबच ठिवलं बघा. लई थापा मारत्यात.”

“व्हय की,” मी म्हणालो.

“तुम्ही काय करतासा?”

मी बायकोकडं बघितलं. ती शांतपणे म्हणाली, “ते घरं बघत फिरत्यात.”

म्हातारे हसले. आम्हाला घर हवंय म्हणून मी फिरतोय असं त्यांना वाटलं असणार. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिनं खिडकी उघडली आणि बंद केली. तिनं नळ बघितला नाही, पुराचं विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. ओट्याखालच्या कोपऱ्याकडं हात करून अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, “पिठाचा डबा हितं बसंल.”

सवयीनं माझा हात पेनाकडं गेला आणि तिथंच राहिला.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. एखादं नवीन घर विकायला आलं की मी तिला घेऊन जायचो. “बायकांच्या नजरेनं जरा बघ,” म्हणायचो. ती दोन प्रश्न विचारायची, मग ओट्यापाशी उभी राहून सांगायची, पिठाचा डबा इथं, मिक्सर तिथं, वह्यांचे गठ्ठे त्या माळ्यावर. मला वाटायचं, किती मदत करते! दुसऱ्या दिवशी तेच मी गिऱ्हाईकाला ऐकवायचो, “ताई, पिठाचा डबा बरोबर इथं बसतो बघा, आमच्या घरात विचारून घ्या.” आणि तेवढ्यावर घर जायचं. कधी कधी ती संध्याकाळी विचारायची, “ते घर गेलं का हो?” मी पेढ्याचा पुडा तिच्या हातात द्यायचो. ती पुडा घेऊन आत जायची.

माझा ठोकताळा आजवर चुकला नव्हता, तो त्या प्रत्येक घरातही बरोबरच होता. फक्त गिऱ्हाईक कोण आहे ते मी बघितलं नाही. मला त्या ओट्यापाशी रडू आलं असतं, पण मागं म्हातारे उभे होते.

बाहेर येऊन बसलो. चहा आला. म्हाताऱ्यांनी किंमत सांगितली. त्यात कमी व्हायला जागा आहे हे मला त्यांच्या आवाजातच कळलं. जीभ वळवळायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्या आकड्याला मी कधी मान डोलावलेली नाही. बायको माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं होती.

“बोला की पावणं,” म्हातारे म्हणाले. “तुमचं काय म्हणणं?”

“पिठाचा डबा कुठं ठेवायचा ते ठरलंय,” मी म्हणालो. “आता माझं काय म्हणणं असणार?”