शिवी दिली की दात घासा

मावशी आमच्या बालवाडीत लागली ती झाडलोटीच्या कामाला. मुलांचे दात घासून घे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिने आपणहून अंगावर घेतलं. कारण तिची स्वतःची मुलगी पाच वर्षांची असताना गाल टम्म सुजून आठवडाभर दवाखान्यात पडली होती. तोवर घरीदारी सगळे हेच म्हणायचे, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला एवढं? हे वाक्य ऐकलं की अजूनही मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जाते. पडायचे आहेत म्हणून कुजवायचे का, असं ती मुलांच्या आईबापांना तोंडावर विचारते.

मी तिथलं स्वयंपाकघर सांभाळते. माझ्या खिडकीसमोरच मुलांचं बेसिन आहे. पाच ठेंगणे नळ, भिंतीवर चाळीस ब्रश, प्रत्येकाच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. त्यामुळे सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं, ऐकीव नाही.

सुरुवातीला मुलांनी तिला रडकुंडीला आणलं. कुणी ब्रश नुसता ओला करून 'झालं' म्हणायचं, कुणी पेस्टच खायचं, एकाने तर तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मग मावशीने डोकं चालवलं. बेसिनपाशी स्टूल टाकून बसली, स्वतःचा ब्रश काढला आणि विचारलं, आज माझे दात कोण घासून देणार? रोज एकाची पाळी. ते पोर तिच्या तोंडात ब्रश घालून जे काही खणायचं ते विचारू नका. पण झालं की आपणहून तिच्या मांडीवर डोकं टेकून आ करायचं. वाटाण्याएवढी पेस्ट, आणि मागच्या दाढांवर मावशीचा हात. मग बाकीचेही आपापले ब्रश घेऊन मागे उभे. वर्षभरात अशी वेळ आली की जेवण झालं रे झालं, बेसिनपाशी ढकलाढकली.

आणि मग आल्या नव्या मोठ्या बाई. शिकलेल्या, टापटिपीच्या, मनाने चांगल्या आहेत म्हणे. असतील. एका मुलाने वर्गात शिवी दिली आणि बाईंनी फतवा काढला, शिवी देईल त्याने ताबडतोब जाऊन दात घासायचे, घाण तोंड साफ करायचं. तसा कागदही दारावर लावला, पालकांनी वाचावा म्हणून.

आठवड्यात बेसिन ओस पडलं. ब्रशला हात लावला की मागून पोरं नाचायची, शिवी दिली, शिवी दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मावशी रोज जेवणानंतर स्टुलावर ब्रश घेऊन बसायची आणि एक पोर फिरकायचं नाही. मला बघवायचं नाही ते. तीनदा ती मोठ्या बाईंना समजवायला गेली, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाई म्हणाल्या, मुलांची भाषा सुधारली की नाही? कसली सुधारतेय! कारटी पाण्याच्या टाकीमागे जाऊन यथेच्छ शिव्या देत होती, मला खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

मावशीचा जीव अडकला होता तो चिमणीत. चिमणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात बारीक पोरगी, चार वर्षांची. तिच्या खालच्या दाढेवर मावशीला तपकिरी ठिपका दिसला होता. आईला सांगून झालं, तर आईचंही तेच, पडणारच आहे. म्हणून मावशी ती दाढ रोज स्वतः घासायची. आता चिमणी बेसिनकडे बघतसुद्धा नव्हती. शिवाय एकाच बाजूने चावायला लागली, अर्धं ताट तसंच परत यायचं. तोंड उघड म्हटलं की ओठ गच्च मिटायची.

दोन महिने असे गेले आणि एक दिवस डोक्यावरून पाणी गेलं. मोठ्या बाई मुलांची रांग घेऊन बेसिनजवळून चालल्या होत्या. मावशी स्टुलावरून उठली आणि तिने गळक्या नळाला अशी अस्सल शिवी हासडली की माझ्या हातातला डाव खाली पडला.

"बाई, मी शिवी दिली," ती शांतपणे म्हणाली. "आता माझे दात घासायला हवेत. कोण घासतंय?"

तशी रांग मोडली आणि 'मी, मी' करत पोरं तिच्या अंगावर पडली. मोठ्या बाई अडवणार कशा, नियम त्यांचाच होता. मावशीने चिमणीला पुढे ओढलं. चिमणीने मन लावून तिचे दात घासले, आणि जुन्या सवयीने मांडीवर डोकं टेकून आ केला.

मावशीचा हात थांबला. ठिपक्याच्या जागी भोक पडलं होतं, भोवतीची हिरडी लालबुंद.

"दुखतं का गं?"

चिमणीने मान डोलावली.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस, बाळा?"

चिमणीने एकदा मोठ्या बाईंकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "मी शिवी नव्हती दिली, मावशी."

मोठ्या बाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारावरचा कागद गेला, आणि मावशी चिमणीच्या आईला हाताला धरून दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी मात्र त्या दुपारी भांडी घासताना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की बाईंच्या नियमाने मला जन्मभर दातच घासत बसावं लागेल.