पाहुणीपुढे मांडलेला तांदूळ

आहारशास्त्रात एम.एस्सी. करणार, असं मी लोणावळ्याला घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "रांधायला शिकायला कॉलेज कशाला हवं?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. लढाईचे दिवस होते. रेशन नवंनवं आलं होतं आणि माणसाला जगायला किती अन्न लागतं, यावर जो तो अक्कल पाजळत होता. मला ते मोजून बघायचं होतं. प्रबंधासाठी मी भाजे गाव धरलं. मळवलीला गाडीतून उतरून चालत गेलं की आलंच.

पद्धत सरळ होती. सकाळी एखाद्या घरात जायचं, दिवसभरात जे शिजणार ते कच्चं असतानाच तराजूत घालायचं, खाणारी माणसं विचारून घ्यायची आणि संध्याकाळी कोष्टक भरायचं. पहिल्या घरी तांदूळ निघाला. पुढच्या घरीही तांदूळच, चांगला निवडलेला. मावळात भात पिकतो म्हणजे लोक भातच खात असणार, असं मी धरून चालले होते. पहिली कोष्टकं पाहून माझे मार्गदर्शक प्रोफेसर खूश झाले.

मग एका सकाळी माझ्यासमोर तांदळाची पाटी आली आणि मी बघतच राहिले. काठ उसवलेला, तांबड्या चिंधीनं बांधलेला. हीच पाटी आदल्या दिवशी शेजारच्या घरी मी स्वतः उचलली होती. घरच्या बाईला मी मावशी म्हणायचे. तिला विचारलं, तर ती जराही न बिचकता म्हणाली, "पाव्हनीम्होरं नाचणी मांडू व्हय? पाटलाच्या घरनं आनलाय. तू गेलीस की परत द्याचा."

म्हणजे तो तांदूळ गावभर माझ्या पुढेपुढे फिरत होता आणि शिजत कुठेच नव्हता. पिकलेला भात जमीनमालकाच्या खंडाला आणि बाजारात जायचा, घरात राहायची नाचणी. पण दारी आलेल्या बाईसमोर ती मांडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की विचारू नका. इतके दिवस मी पाटलाचं कोठार मोजत बसले होते!

तराजू पिशवीत घालून मी नुसतीच जात राहिले. मावशीबरोबर पाणी भरलं, शेण थापलं. बऱ्याच दिवसांनी एकदा तिनंच पिठाचं मडकं पुढं सरकवलं. "मोज. घरातलं उनं कुनी दावत न्हाई. तुजं काम आडलंय म्हून दावती." मूठभर नाचणीचं पीठ, त्याची पातळ आंबील, रानातला पाला आणि मीठ-मिरची. मावशीच्या वाट्याला खरवडून निघेल तेवढं. तिनं सांगितल्यावर बाकीच्या बायकांनीही मडकी उघडली. उन्हाळाभर मी खरं तेच मोजलं.

नवी कोष्टकं मी प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांच्यापुढे जेवणाचा डबा उघडलेला होता. वाचून ते म्हणाले, "एवढ्यावर माणूस जगत नाही. तुमचा तराजू बिघडला असेल." तराजू प्रयोगशाळेत तपासला. तो बरोबर निघाला. मी पाटीची हकीकत सांगितली, त्यावर ते मनापासून हसले आणि श्रीखंडाचं बोट चाटून म्हणाले, "अहो, पहिली कोष्टकं छान होती की. तीच घाला. हे असलं कोणता परीक्षक मान्य करील?"

मी घातली नाहीत. त्यात मोठेपणा काही नव्हता, डोकं फिरलं होतं. प्रबंधावर त्यांची सही झाली नाही आणि पदवी गेली ती गेलीच. आत्याला आनंद झाला. प्रोफेसरांचा राग मला अजून येतो, म्हातारपणातही तो कमी झालेला नाही.

भाज्याला जाऊन सांगणं भाग होतं. मावशी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी लाज सोडून मडकी उगाडली. अन् सायबाला ते खरं बी वाटलं न्हाई?"

मी नाही म्हणाले. तिनं चुलीवरच्या मडक्यावर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.