कपाटातला मॉनिटर

माझा भागीदार वेगळा झाला त्या दिवशी मला न विचारता ऑफिसचा मॉनिटर उचलून घेऊन गेला. बाकीच्या वाटणीत मी त्याला एक इंचही सोडला नाही, पण तो मॉनिटर अजून डोक्यात आहे. तेव्हापासून मी नवीन मॉनिटर रोज संध्याकाळी केबल काढून कपाटात ठेवायचो आणि किल्ली खिशात. कॉम्प्युटर चालूच राहायचा.

आमचं गोदाम द्रोणागिरीला, ऑफिस पनवेलला. ट्रकचे गेटपास बनवणारी मुलगी खांदा कॉलनीत राहायची. बाळंतपणानंतर तिने सकाळचे पास घरून बनवायची परवानगी मागितली. ऑफिसचा कॉम्प्युटर तिच्या लॅपटॉपवर दिसायचा. घासाघीस करून मी एक महिना दिला. काम अडलं तर आठ वाजता ऑफिसला यायचं, नाहीतर नोकरी सोडायची. बाळ चार महिन्यांचं होतं, घरी दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात गेटवर ट्रक खोळंबले. ती म्हणाली, स्क्रीन एवढीशी होते, पासच्या खिडकीचा खालचा भाग बाहेर जातो आणि सेव्हचं बटण दिसतच नाही. मी दहाला ऑफिसला येऊन बघायचो तर सगळं ठीक. म्हटलं, बहाणे करते आहे. फोनवर नको ते बोललो.  तिसऱ्यांदा बोललो तेव्हा ती म्हणाली, सोमवारपासून दुसरीकडे बघते.

तरी खात्री करावी म्हणून शनिवारी सकाळी साडेआठलाच दुरुस्तीवाल्याला ऑफिसमध्ये बोलावलं. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स त्यानेच बसवून दिलं होतं. टेबलाकडे बघून त्याने विचारलं, मॉनिटर कुठे आहे? मी कपाट उघडलं. तो खुर्चीत बसला आणि हसला.

"शेठ, रोज संध्याकाळी तुम्हीच मशीनचे डोळे काढून नेता, आणि सकाळी त्या बिचारीवर ओरडता?"

मग त्याने समजावलं. मॉनिटर केबलमधून आपली मापं मशीनला सांगतो. केबल निघाली की मशीनला वाटतं समोर कोणी नाही, आणि ते छोट्या मापावर येतं. मी दहाला येऊन मॉनिटर जोडला की पुन्हा मोठं.

त्याने मॉनिटर जोडून ती मापं एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि लिनक्सला सांगून ठेवलं की सुरू होतानाच ही फाइल वाच, मॉनिटर कायम जोडलेला आहे असं समज. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, केबल उपटली. मी तिला फोन लावला.

ती म्हणाली, दिसतंय, पूर्ण दिसतंय. मागे बाळ रडत होतं.

मी म्हटलं, महिन्याची अट काढली, बाळ मोठं होईपर्यंत घरूनच कर.

"सर, अट काढलीत ते ठीक आहे. पण चूक माझी नव्हती, हे तुम्ही अजून म्हणाला नाहीत."

दुरुस्तीवाला माझ्याकडेच बघत होता. एरवी मी काहीतरी उलटं बोललो असतो.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "सोमवारी दुसरीकडे जाऊ नकोस."

ती म्हणाली, आधी बाळाला झोपवते, मग आजचे राहिलेले पास करते.

मॉनिटर मी अजूनही कपाटात ठेवतो.