नागूशी इंग्रजीत

कोळंबे सर आजारी पडले, त्यात त्यांची मराठी गेली आणि इंग्रजी तेवढी राहिली.

कर्जत आणि खालापूरच्या मधल्या त्या गावात भिवाजी कोळंबे यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गावाला ते सर, नातीला, हर्षलाला, आबा. भातशेतीच्या घरात वाढलेला हा माणूस हयातभर कर्जतला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिला. काळ शिकवताना त्यांची वाक्यं ठरलेली असत : भात लावलं, भात लावतोय, भात लावलेलं असेल. पोरं हसायची, पण पेपरात चुकायची नाहीत. खालापूरच्या कचेरीत जा नाहीतर कर्जत स्टेशनच्या तिकीट खिडकीवर, त्यांना बघून कुणीतरी उठून उभं राहायचंच. लहानपणी त्यांचं बोट धरून बाजारात जाताना हर्षलाला वाटायचं, आपला आबा सगळ्या जगाचा मास्तर आहे.

घरात मात्र ते इंग्रजीचा शब्द काढत नसत. "तुझ्या आजीला जे कळत नाही, ते घरात कशाला आणायचं?" म्हणायचे.

आणि आता दुसरं काही उरलंच नव्हतं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हातपाय बऱ्यापैकी चालत होते, मराठी ऐकून कळतही होती, पण बोलणं म्हणजे पाणी हवं तरी इंग्रजी, अंगावर पांघरूण हवं तरी इंग्रजी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मराठी परत येईलही. हर्षला खालापूरच्या बँकेत कामाला होती. तिनं रजा टाकली आणि आजी-आजोबांच्या मधे दुभाषी होऊन बसली.

मोतीबाई बिचारी गडबडून गेली होती. पन्नासेक वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं बोलणं नातीकडून समजून घ्यायचं. "काय म्हणतात गं?" ती विचारायची. हर्षला सांगायची, "भाजीत मीठ कमी आहे म्हणतात." मग मोतीबाईला बरं वाटायचं.

पण दुपार कलली की आबा दाराकडे बघून बोलायला लागायचे. आवाज वर्गातला नसे, खालचा, विनवणीचा असे. "नागू, व्हाय डोन्ट यू आन्सर मी?"

"कुणाशी बोलतात?" मोतीबाईनं विचारलं.

हर्षला म्हणाली, "नागू म्हणतात. तू का बोलत नाहीस, असं विचारतायत."

मोतीबाईच्या हातातली पेज सांडली.

नागू आबांचा थोरला भाऊ. आबा बी.ए.च्या परीक्षेला मुंबईला गेले होते तेव्हा बांधावर नागूला पान लागलं आणि तो गेला. साप कुणी पाहिलाही नाही. घरच्यांनी निरोप धाडला नाही, पोराचे पेपर बुडतील म्हणून. आबा गावात उतरले ते हसतच, आणि ओटीवर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. मोतीबाई लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिनं नागूला कधी पाहिलंच नव्हतं. घरात त्याचा फोटोही नव्हता.

दुपारमागून दुपार ते चालू राहिलं. आबा दाराशी बोलायचे, उत्तराची वाट बघायचे आणि लहान पोरासारखे रडायचे. नागूला इंग्रजी येत नव्हती, आणि आबांना दुसरं काही बोलता येत नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा हर्षलाच्या अंगावर काटा आला. ती आतून दार लावून घेऊ लागली, तर आबा उठून उघडायला जायचे.

एका दुपारी ते असेच रडत असताना मोतीबाई चुलीपुढून उठली. पदर कमरेला खोचून त्यांच्यासमोर, दाराच्या बाजूला, जमिनीवर बसली.

"हितंच हाय रं, भिव्या," ती म्हणाली. "कदीचा आलोय मी. पेपर कसा गेला?"

आजीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि आवाज जड होता, रानातून दमून आलेल्या गड्यासारखा.

आबांचं रडं थांबलं. "इट वॉज इझी, दादा," ते म्हणाले आणि हसले.

"मंग झालं तर. नीज आता."

आबा खरंच झोपले.

मागीलदारी हर्षलानं आजीला गाठलं. "आजी, नागूआजोबा आबांना भिव्या म्हणायचे, हे तुला कुणी सांगितलं?"

"मला काय ठाव गं," मोतीबाई म्हणाली. "तोंडात आलं."

त्यानंतर आबांनी मोतीबाईशीच नागू समजून बोलावं आणि तिनं नागू होऊन उत्तर द्यावं, असं रोज चाललं. दुभाष्याची गरज उरली नाही. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या तेव्हा आबा शांतपणे गेले. मराठी काही परत आली नाही. मातीला एवढे विद्यार्थी आले की रस्त्यावर गाड्या लावायला जागा पुरली नाही.

दिवसकार्य झालं. हर्षला पुन्हा बँकेत जाऊ लागली. एक दिवस दुपारीच घरी आली, तर आतून तो जड आवाज येत होता. मोतीबाई दाराच्या बाजूला बसून बोलत होती.

हर्षलानं बाबांना फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या." मोतीबाईनं साफ नकार दिला.

"मला काय झालं नाय. ते दोघं भाऊ बोलतात, मी आपली बसते. आता यांचं इंग्रजी पन जरा जरा कळतं."

"काय म्हणतात आबा?" हर्षलाच्या तोंडून निघून गेलं.

मोतीबाईनं बाजूला सरकून तिला जागा दिली. "बस. तूच आईक."

हर्षला बसली. लांबवर एक्सप्रेसवेची घरघर होती, शेतात झोडणी चालली होती. तिला दुसरं काहीच ऐकू आलं नाही. मोतीबाईनं डोळे मिटले होते. मधेच ती मान हलवायची, एकदा तर गालात हसली. हर्षलानं काय झालं म्हणून विचारलं नाही. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, तरी ती उठली नाही.