दाबलं की बसतं

या, अशा जवळ येऊन बसा. हातातला फोन जरा फरशीवर ठेवा आणि बोटानं त्याला एक गिरकी द्या बघू. कालपरवापर्यंत जागचा हलत नव्हता आणि आज भोवऱ्यासारखा फिरतोय, असं असेल तर त्याच्या पोटातली बॅटरी फुगली आहे. आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही म्हणून मी तुम्हाला बोलणार आहे. बोलून घेऊ द्या. ज्या बाईला बोलायचं होतं तिला मी नको तेवढं बोलून बसले, आणि तरी अजून राग उरलाच आहे.

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई, यांच्याइतका दाबण्यावर विश्वास असलेला माणूस सगळ्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या एका कारखान्यात, त्यांनी उभी हयात घडी घालण्यात काढली. मागावरून उतरलेली नवी चादर अंगात वारं भरल्यासारखी फुगून असते. तिची घडी घालायची, घडीवर घडी रचायची, वर फळी, फळीवर वजन, आणि सकाळी बघावं तर चादर वहीसारखी सपाट. एवढं एक सत्य त्यांना सापडलं आणि ते त्यांनी सगळ्या जगाला लावून टाकलं. त्यांच्या घरात इस्त्री नाही, साड्या गादीखाली. पापड वाकडा झाला की पाटाखाली. माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली की मला बरं वाटतं, या बाई हातातल्या फडक्यानं तिचा फुगा बसवतात आणि म्हणतात, "वारं कशाला खायाचं?" लग्नात माझे दीर पंगतीवरून फुगले होते, तर यांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना खुर्चीत असं बसवलं की ते मठ्ठ्यापर्यंत उठले नाहीत. गेल्या वर्षी माझा पाय मुरगळून सुजला तेव्हा भेटायला आल्या, चौकशी केली, आणि माझा डोळा लागल्यावर त्या पायावर दोन चादरी टाकून वर स्वतः बसल्या. मी किंचाळले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ईनबाई, दाबलं की बसतं."

हसू नका. मीही तेव्हा हसले होते, तीच चूक झाली.

तर त्यांचा फोन. पाच वर्षांचा जुना. चार्जर दुसऱ्याच कुठल्या फोनचा. तो फोन पश्चिमेच्या खिडकीत, वर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन, अशा जागी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चार्जिंगला लावलेला. शंभर टक्के झाले तरी काढायचा नाही. का, तर "प्यायलं तर प्यायलं, पोट भरून पिऊ द्या की." लेकरू आहे का ते? हळूहळू त्याचं मागचं झाकण एका कडेनं उचललं. मला दिसलं तेव्हा त्या फटीत लग्नपत्रिका सरकवता आली असती. मी म्हटलं, विहीणबाई, हे बरं दिसत नाही. तर म्हणाल्या, जरा अंग धरलंय त्यानं. त्यांनी झाकणाला वेणीचा रबर बांधला. मग गल्लीतल्या एका टपरीवाल्यानं डिंक सुटलाय असं सांगून ते चिकटवून दिलं. त्याचाही मला राग आहे, कारण त्याला कळायला हवं होतं. चार दिवसांत झाकण पुन्हा वर आलं. फोन फरशीवर गरगर फिरायला लागला, तर बाईंनी त्याचं खेळणं केलं. आमचा नातू तेव्हा सात महिन्यांचा, रडायला लागला की त्याच्यासमोर फोन फिरवायच्या. जावयानं आईसाठी नवा फोन आणून वर्ष झालं होतं. तो खोक्यातून बाहेर निघाला नव्हता, कपाटात नारळाशेजारी ठेवलेला.

मला यातलं थोडं कळतं, कारण माझा स्वतःचा टॅब असाच फुगला होता. सात रस्त्याजवळ एक दुरुस्तीवाले चाचा आहेत, पिकलेल्या दाढीचे. त्यांनी तो टॅब हातात घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यात काही मारून आणलंय. "अम्मा, पेट फूल्या तो समझो अंदर गॅस हुई. दबाना नक्को, टोचना नक्को, चार्जिंग तो बिल्कुलच नक्को. बंद करके लेके आना, बस." मी ते पाठ केलं होतं. मी ते विहीणबाईंनाही सांगितलं होतं, दोनदा. पण मुलीकडची माणसं आम्ही. विहिणीला एकदा सांगावं, दुसऱ्यांदा आडून सांगावं, तिसऱ्यांदा चहा प्यावा. ही रीत मी पाळली, आणि त्या रीतीचाही मला आता राग येतो.

एप्रिलातली दुपार होती. मी लेकीकडे गेले. लेक कामावर, जावई कामावर. नातू दिवाणावर झोपलेला, दिवाण म्हणजे खाली खोका असतो ना, चादरी-गोधड्या ठेवायचा, तो. विहीणबाई शेजारी बसून वारा घालत होत्या. मी सहज विचारलं, आज फोन दिसत नाही. त्या कौतुकानं म्हणाल्या, "दाबाया ठिवलाय. उंद्यापत्तुर बसतंय."

मी विचारलं, कुठं.

"हितंच की, दिवाणात. बारा चादरी टाकल्यात वर."

मी काय केलं ते मला धड आठवत नाही. नातवाला उचललं एवढं आठवतं, आणि तो दचकून रडायला लागला. त्याला काखेत घेऊन मी एका हातानं चादरी उपसल्या. तळाला फोन. चालूच होता. हाताला गरम लागला. काच एका बाजूनं उचलून शिंपल्यासारखी उघडली होती. मी तो बंद केला, शेजारी बांधकाम चालू होतं तिथून घमेलंभर कोरडी वाळू आणली आणि अंगणात, भिंतीच्या सावलीत, जवळपास काही पेटण्यासारखं नाही असं बघून फोन त्या वाळूत ठेवला. आणि मग मी वळले आणि बोलले. कधी नव्हे ते विहिणीला एकेरीवर आले. तुझ्या चादरीच्या घडीनं घर जाळलं असतं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या हाती लेकरू द्यायची सोय नाही."

त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि त्या घमेल्यापासून चार हात लांब, भर उन्हात बसल्या. तासभर. मी दोनदा आत बोलावलं, तेही रागानंच. शेवटी मी बाहेर जाऊन विचारलं, की कपाटात नवाकोरा फोन असताना या मड्याला का धरून बसलात.

"त्यात कोण कुटं बसलंय, मला ठावं हाय," त्या वाळूकडे बघत म्हणाल्या. "वर लेकराचा फोटू, त्याच्या खाली पोरगा, मग सून, मग तुमी. नव्यात मला कोणच गावायचं न्हाय, ईनबाई. मला वाचाया येत न्हाय."

पाच वर्षांची सोयरीक, आणि मला माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही. लग्नपत्रिका हातात घेऊन चष्मा घरी राहिला म्हणणारी बाई. चष्मा त्यांच्या नाकावर असायचा आणि आम्ही हसायचो. मी स्वतः चाळिशीनंतर अक्षरं गिरवली, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले. मला तरी ओळखू यायला हवं होतं. तिथून माझा निम्मा राग माझ्याकडे वळला, तो अजून तिथंच आहे.

फोन वाळूसकट पत्र्याच्या डब्यात घातला, झाकण न लावता, आणि आम्ही दोघी रिक्षानं चाचांकडे गेलो. चाचांनी तो सावकाश उघडला आणि आतली बॅटरी बाहेर काढली. उशीसारखी गुबगुबीत, चांदीच्या रंगाची. विहीणबाईंचा हात आपोआप पुढं गेला, दाबायला. चाचांनी त्यांच्या हातावर चापट मारली. "अम्मा, नक्को बोल्या ना." त्यांनी ती दुकानाबाहेरच्या वाळूच्या बादलीत टाकली, तिथं अशा आणखी चार होत्या. महिन्याला त्या नेणारा माणूस येतो, कचऱ्यात टाकायच्या नसतात. मग त्याच मापाची नवी बसवली, चार्जर बदलायला लावला, आणि फोन सुरू केला. वर लेकराचा फोटो, खाली पोरगा, मग सून, मग मी. सगळे जागच्या जागी. विहीणबाईंनी चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. माझ्या पिशवीत माझा फोन वाजला. मी शेजारीच उभी होते, तरी मी तो उचलला.

मला वाटलं, मिटलं. आठ दिवसांनी त्या माळशिरसला थोरल्या मुलाकडे निघून गेल्या. जाताना आपल्याला वाचता येत नसल्याचं सुनेला स्वतःच सांगितलं, आणि म्हणाल्या की लेकराला माझ्यापायी धोका नको. माझी लेक माझ्याशी चार दिवस बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

त्याला आता सहा महिने झाले. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तिकडे ऊस उभा आहे, थोरल्या सुनेच्या हाताला चव नाही, असं काहीबाही सांगतात. चार्जिंग भरलं की काढता का, असं मी विचारते. काढते म्हणतात, आणि मी फोन उशाला घेतला तर रागावतात. मग थांबून विचारतात, लेकरू चालतंय का. चालतं म्हणते मी. परत कधी येताय म्हटलं की, "बगू की," एवढंच. तुमच्यावर लिहितेय म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, लिवा खुशाल, मला कुटं वाचाया येतंय.

म्हणून हे सगळं मी त्यांना फोनवर वाचून दाखवणार आहे. फोन फुगला होता, दाबणं चूक होतं, आणि ते मी शंभरदा म्हणेन. पण ते शेवटचं वाक्य माझं चुकलं, विहीणबाई. लेकरू तुमच्याच हाती द्यायचं आहे. आता ते भिंत धरून चालतं, आणि पडलं की आजीसाठी रडतं, ती आजी मी नव्हे. दिवाळीपर्यंत थांबू नका. या रविवारी एसटीत बसा आणि या.