एका बाजूची भिंत

स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या ऑर्कनीच्या बेटावर मेंढ्यांसाठी रचलेले दगडी बांध समुद्र दर हिवाळ्यात पाडतो आणि मेरन स्कोली ते पुन्हा रचते. वय एकाहत्तर, जिभेची धार मात्र विशीतली.

यंदा वादळाने किनारा कापला आणि वाळूखालची एक भिंत उघडी पडली. एडिनबरोहून आलेल्या पुरातत्त्वज्ञ डॉक्टर केर यांनी ती पाहिली. "मेंढ्यांचा बांध आहे, फार तर दीडशे वर्षांचा," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

मेरन जागची हलली नाही. "डॉक्टर, बांध कधी रचलाय का?"

"नाही."

"मग ऐका. बांधाच्या दोन्ही बाजू आम्ही सारख्या बसवतो, नाहीतर वारा तो लोळवतो. ही भिंत इकडून तुळतुळीत आहे आणि मागून ओबडधोबड. पाठ मातीत गाडायची होती, म्हणून तिचे लाड केले नाहीत. आत माणसं राहत होती."

केर हसले. "घर आहे म्हणता? मग आजी, चूल कुठे आहे?"

मेरनने भिंतीचा बाक नजरेने मापला, सात पावलं चालली आणि वाळूत टाच रोवली. "इथे, घराच्या मधोमध."

तिसऱ्या दिवशी त्या टाचेपासून हातभर अंतरावर चार उभ्या दगडांची चूल निघाली. तिच्या राखेतलं खापर केर यांनी उजेडात धरून उलटसुलट फिरवलं. "पाच हजार वर्षं," ते शेवटी म्हणाले. मग हळूच विचारलं, "मेरनबाई, दार कुठे असेल?"

"सांगते," मेरन म्हणाली. "आधी वही उघडा."